खोलीत दुसरं कोणी नाही

"लॅपटॉप उचलून सावकाश गोल फिरवा," स्क्रीनवर सूचना आली. "खोलीच्या चारही भिंती, टेबलाखालची जागा आणि दार कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे."

मी उचलला आणि आरतीचं तबक फिरवावं तसा फिरवला. भिंतीवरचं कॅलेंडर, शोकेस, दिवाण, टेबलाखालच्या माझ्या चपला, स्वयंपाकघराचं उघडं दार आणि त्यातून दिसणारा ओटा, सगळं त्या कॅमेऱ्याच्या टिकलीएवढ्या भोकासमोरून गेलं. मग दुसरी सूचना आली. 'खोलीत तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही याची खात्री करा.' खाली चौकोन होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'मी एकटा आहे.'

माझं बोट जरा अडलं. मग म्हटलं, अरे दिगंबर, यंत्र आहे ते. त्याला कुठं घरचं सगळं सांगत बसतोस? चौकोनात टिचकी मारली.

"झाली बघ सुरू," मी स्वयंपाकघराकडे बघून म्हणालो. सवयच होती.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो आणि पोटापाण्याला काही नव्हतं. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मी स्टोअरकीपर म्हणून हयात घालवली. नट-बोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत कारखान्यातली प्रत्येक वस्तू माझ्या हाताखालून जायची. मग मालकांनी गाशा गुंडाळला आणि कारखाना परराज्यात नेला. त्याच्या आधी पाच महिने माझी बायको रंजना वारली होती. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवी झाली आणि उठलीच नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो असा आला.

आमची एकुलती एक मुलगी हर्षदा बंगळूरला असते. आईचे दिवस झाल्यावर ती मला तिच्याकडे घेऊन गेली. रजा काढून महिनाभर राहिलो. जावई भला माणूस, नातू गोड, चौदाव्या मजल्यावरून अख्खं शहर दिसायचं. पण मला तिथं करमेना. त्याचं कारण मी हर्षदाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो.

मी रंजनाशी बोलायचो.

मला वेड लागलं नव्हतं, हे आधी सांगून ठेवतो. ती नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. अग्नी मीच दिला होता. पण पाव शतकाहून जास्त काळ एका माणसाशी बोलल्यावर त्याचं पुढचं वाक्य आपल्याला पाठ झालेलं असतं. मी काहीतरी बोलायचो, जरा थांबायचो, आणि स्वयंपाकघरातून ते वाक्य यायचं. 'चष्मा कुठं ठेवला गं?' 'कपाळावर बघा आधी.' एवढंच. कानाला काही ऐकू येत होतं असं नाही, पण उत्तर यायचं हे खरं. सकाळी मी दोन कप चहा टाकायचो. एक मी प्यायचो, दुसरा थोड्या वेळाने थंडगार झालेला तोही मीच प्यायचो. ती असतानाही तिचा चहा कायम थंडच व्हायचा, त्यामुळे त्यात मला काही वेगळं वाटायचं नाही.

बंगळूरला हे जमलं नाही. हर्षदाच्या न्हाणीघरात नळ सोडून हळू आवाजात बोलून पाहिलं. गॅलरीत बोलून पाहिलं. उत्तर आलं नाही. ती तिथं आलीच नव्हती. तिला तसंही परकं स्वयंपाकघर आवडायचं नाही.

महिना झाल्यावर मी नाशिकला परतलो. पण कारखाना गेल्यावर हर्षदाने पिच्छा सोडला नाही.

"बाबा, एकटे काय करता तिथं? नोकरी नाही, जेवणाचे हाल. माझ्या मैत्रिणीचे दीर नाशिकला बदलून येतायत. माणसं चांगली आहेत. घर त्यांना भाड्यानं देऊ आणि तुम्ही इकडे या."

"मला नोकरी मिळाली तर?"

"या वयात?" असं ती बोलून गेली. मग म्हणाली, "मिळाली तर राहा. मी कशाला अडवू? पण या महिन्याअखेरपर्यंत बघू. त्यांना पण घर शोधायचंय."

देव पाठीशी असला की बोरस्तेसारखा माणूस पाठवतो. बोरस्ते आमच्याच कारखान्यात डिस्पॅचला होता. आता विल्होळीच्या बाजूला एक भलं मोठं गोदाम झालं होतं, तिथं तो मॅनेजर झाला होता. त्याने फोन केला.

"खैरनार, स्टॉक सुपरवायझरची जागा आहे. मी तुमचं नाव टाकलंय. पण वरच्यांची एक अट आहे. सप्लाय चेन मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट पाहिजे."

"अरे, मी तीस वर्षं दुसरं काय केलं?"

"मला माहीत आहे हो. पण कॉम्प्युटरला माहीत नाही ना! ऑनलाइन कोर्स आहे, बेसिकचा. घरबसल्या करा. शेवटी परीक्षा. महिन्याअखेरच्या आत कागद आणा, बाकी माझ्यावर सोडा."

म्हणजे सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी, नोकरी मिळाली तर घर, आणि घर राहिलं तर रंजना. हे एवढं सरळ होतं. हर्षदाने ठेवलेला जुना लॅपटॉप मी जेवणाच्या टेबलावर मांडला. स्वयंपाकघराच्या दारासमोर. कोर्सला नाव घातलं.

तीस वर्षांचा अनुभव म्हणून मी जरा ताठ्यातच बसलो होतो. निळ्या शर्टातले एक तरुण सर व्हिडिओत हात हलवत हलवत शिकवायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी माझा ताठा उतरवला. मी स्टोअरमध्ये कायम 'असू दे चार जास्त' या धर्माने वागलेला माणूस. लागलं तर कुठून आणणार? असू दे. सर म्हणाले, गरजेपेक्षा जास्त साठा म्हणजे झाकून ठेवलेली चूक. मागणी नीट कळली नाही, म्हणून तुम्ही माल भरून ठेवता. मला राग आला. पण दुसऱ्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा आमच्या स्टोअरच्या मागच्या रॅकवरचे गंजलेले बेअरिंग डोळ्यांपुढे आले आणि मी गप बसलो.

"ऐकलंस का?" मी आत बघून म्हणालो. "हा पोरगा म्हणतो मी तीस वर्षं चुकलो."

'मी काय वेगळं म्हणत होते? माळ्यावर बघा किती रिकामे डबे साठवलेत.'

असा आमचा अभ्यास चालायचा. मला इंग्रजी वाचता येतं, पण परीक्षेचं इंग्रजी जरा अंगावर येतं. म्हणून मी प्रत्येक धडा तिला मराठीत सांगायचो. तिला सांगितला की मला कळायचा. कच्चा माल कुठून निघतो, कारखान्यात काय होतं, घाऊक व्यापाऱ्याकडे कसा जातो, किरकोळ दुकानात कसा येतो आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या पिशवीत कसा पडतो. एका टोकाला जरा हललं की दुसऱ्या टोकाला कशी उलथापालथ होते. गिऱ्हाईक दोन पुडे जास्त मागतं, दुकानदार घाबरून दहा मागवतो, घाऊकवाला पन्नास, आणि कारखाना रात्रपाळी सुरू करतो. का? तर कोणीच कोणाशी धड बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या खोलीत बसून पलीकडच्याच्या मनात काय असेल याचा अंदाज करतो.

'भाऊबंदकीसारखंच झालं की,' रंजना म्हणाली.

"अगदी बरोबर," मी म्हणालो आणि पुढच्या चाचणीत पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

एकच धडा आम्हाला अडला. माल पुन्हा कधी मागवायचा, तो. सरांचं म्हणणं असं की, संपल्यावर धावाधाव करायची नाही. नवा माल यायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस पुरेल इतका साठा उरला की लगेच मागणी नोंदवायची. गणित सोपं होतं. पण माझं लक्ष ओट्यावरच्या बरणीकडे गेलं. रंजना दर उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला करायची. मिरच्या वाळवायच्या, खोबरं भाजायचं, मग कांडपाला न्यायचं. तिने केलेल्या शेवटच्या मसाल्याची ती बरणी. तळाला चार बोटं उरला होता. मी भाजीत चिमटीने घालत होतो.

कोर्समध्ये शंका विचारायची एक जागा होती. मी तिथं लिहिलं, 'माल पुन्हा येणारच नसेल, पुरवठा कायमचा बंद झाला असेल, तर उरलेला साठा कसा वापरावा?' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'छान प्रश्न! असेच शिकत राहा.' खाली हसरा चेहरा होता. मी लॅपटॉप मिटून ठेवला.

तर त्या रविवारी सकाळी परीक्षा सुरू झाली. कॅमेरा माझ्याकडे टक लावून होता. मीही घाम पुसत एकेक प्रश्न सोडवत होतो. बराचसा पेपर बरा गेला. मग तोच आला, माल पुन्हा कधी मागवायचा. आकडे होते, पण आकड्यांचं वाक्य इतकं लांब होतं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायचं. दोनदा वाचलं. घड्याळ पळत होतं. आणि मग रोजच्यासारखंच झालं. मी काय करतोय हे माझ्याही लक्षात आलं नाही. मी तिला विचारलं.

उत्तर सुचलं. पटकन टिचकी मारली आणि पुढे गेलो. शेवटचा प्रश्न झाला, 'सादर करा' दाबलं आणि मी खुर्चीत मागे रेललो.

"सुटलो बाई एकदाचा," मी म्हणालो. 'आता जेवून घ्या,' ती म्हणाली.

निकाल दुसऱ्या दिवशी येणार होता. आला तो निकाल नव्हता. ई-मेल आली होती. 'परीक्षेदरम्यान आपल्यासोबत अन्य व्यक्ती असल्याचं आणि तिच्याशी आपला संवाद झाल्याचं आमच्या यंत्रणेला आढळलं आहे. आपला निकाल राखून ठेवण्यात येत आहे. आरोप सिद्ध झाल्यास एक वर्ष पुन्हा परीक्षा देता येणार नाही. आपलं म्हणणं मांडण्यासाठी बुधवारी व्हिडिओ कॉलवर हजर राहावं.'

मी ती मेल पुन्हा पुन्हा वाचली. आयुष्यात मी एक खिळा घरी आणला नव्हता, आणि माझ्यावर कॉपीचा आळ! तळपायाची आग मस्तकात गेली. बोरस्तेला फोन लावला.

"अहो खैरनार, कोणाला बसवलं होतं शेजारी?" तो हसत होता.

"कोणी नव्हतं रे!"

"मग तसं सांगून टाका ना. पण लवकर बघा. वरचे लोक दुसरा माणूस घेऊ म्हणतायत. मी शुक्रवारपर्यंत थोपवून धरतो, त्याच्या पुढं माझा इलाज नाही."

रात्रीच्या फोनला हर्षदाला सांगावं लागलं. तिला हसू आलं नाही.

"बाबा, कोणाशी बोलत होतात?"

"कोणाशी नाही गं. प्रश्न मोठ्यानं वाचला असेल."

ती हळूच म्हणाली, "बाबा, त्या लोकांना घर पाहायला पाठवू का या रविवारी? नुसतं पाहतील."

"बुधवार होऊ दे," मी म्हणालो.

बुधवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. टेबलापाशी बसलो. स्क्रीनवर एक मुलगी आली. हर्षदापेक्षाही लहान असेल. कानाला मोठं यंत्र लावलेलं, मागे ऑफिसची पांढरी भिंत.

"नमस्कार सर. मी श्रुती लांजेवार. परीक्षा विभागातून. हा कॉल रेकॉर्ड होत आहे. आपलं पूर्ण नाव सांगा."

सांगितलं. तिने काहीतरी भरलं.

"रविवारी परीक्षेच्या वेळी आपल्यासोबत कोण होतं, सर?"

"कोणीच नव्हतं. प्रश्न लांब होता, तो मी मोठ्यानं वाचला. मोठ्यानं वाचायची सवय आहे मला. तुमच्या यंत्राचा गैरसमज झालाय."

"सर, मी ते रेकॉर्डिंग ऐकलं आहे. वाचल्यासारखं नाही वाटत ते. आपणही ऐका, मग बोलू."

तिने क्लिप लावली. स्क्रीनवर माझा चेहरा आला. चष्मा नाकावर घसरलेला. तो माणूस ओठ हलवत प्रश्न वाचत होता. मग त्याने मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"अगं, तू मसाल्याच्या मिरच्या कधी आणायला लावायचीस मला? बरणी संपत आली की ना?"

तो थांबला. दाराकडे बघत राहिला. चेहऱ्यावर, कसं सांगू, कोणीतरी खरंच बोलतंय आणि आपण ऐकतोय असा भाव होता. मान हलवली.

"अर्धी? अर्धी असतानाच सांगायचीस? का गं?"

पुन्हा थांबला. या वेळी जास्त वेळ. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मग तो माणूस हसला. मोठ्याने, मोकळा.

"हां, मी आणायला महिना लावतो म्हणून! बरोबर आहे तुझं. मीच उशिरा येणारा माल!" आणि वळून त्याने उत्तरावर टिचकी मारली.

क्लिप थांबली. मी माझ्या घरात बसलो होतो, पण दुसऱ्या कोणाच्या घरात डोकावून पाहिल्यासारखं मला झालं. गेल्या आठ महिन्यांत मी असा दिसत होतो, हे मला कोणी दाखवलं नव्हतं. तिचे शब्द त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हते. मी जिथं जिथं थांबलो, तिथं काही नव्हतं. मला इतके दिवस ऐकू येत होतं तिथं फक्त पंखा होता.

"सर," मुलगी म्हणाली, "बाजूच्या खोलीत एक बाई आहे आणि ती आपल्याला उत्तर सांगते आहे, असं यावरून दिसतं. त्यांचा आवाज माइकपर्यंत पोचला नसेल. त्या कोण आहेत?"

"माझी बायको."

तिने सुस्कारा टाकला आणि लिहायला लागली. "म्हणजे आपण मान्य करता की..."

"ती वारली," मी म्हणालो. "आठ महिने झाले."

मुलीचा हात थांबला. ती स्क्रीनकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत राहिली. तिने कानावरचं यंत्र उगाच सरकवलं. मग ती बोलली तेव्हा तिचं ऑफिसातलं मराठी गळून पडलं होतं.

"काका... म्हणजे तुम्ही त्यांच्याशीच बोलून राहिले होते?"

मी मान हलवली. नागपूरकडची असावी. आमच्या कारखान्यात तिकडचे दोघं होते, असंच बोलायचे.

"माफ करा हं काका. मला माहीत नव्हतं." ती खाली बघून काहीतरी वाचायला लागली. बराच वेळ वाचत होती. "एक मार्ग आहे. उमेदवार एकटाच होता असं आम्हाला वाटलं तर त्याने रेकॉर्डवर तसं सांगायचं असते. मग मी निकाल मोकळा करू शकते. तुमचे मार्क चांगले आहेत हो. पण शब्द ठरलेले आहेत, तेच म्हणावे लागतात. मी स्क्रीनवर टाकते. तेवढे वाचून टाका ना."

शब्द आले. मोठ्या अक्षरांत, मराठीत. 'परीक्षेच्या वेळी माझ्या घरात माझ्याशिवाय कोणीही नव्हतं. मी कोणाशीही बोलत नव्हतो.'

दोनच वाक्यं होती. ती वाचली की सर्टिफिकेट येणार होतं, बोरस्तेची जागा मिळणार होती, घर पाहायला कोणी येणार नव्हतं. रंजनाचं घर रंजनाकडे राहणार होतं. मी चष्मा नीट केला. तोंड उघडलं. समोर स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. ओटा दिसत होता, त्यावरची बरणी दिसत होती.

"काका?"

"एक मिनिट, बाई," मी म्हणालो आणि उठलो.

आमच्या स्वयंपाकघराचं दार कधी लावलेलंच नव्हतं. रंजनाला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून तिने लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या पायाशी पाटा लावून ठेवला होता. तो तेव्हापासून तिथंच होता. मी वाकून पाटा ओढला. फरशीवर करकरला. दार फुगलं होतं, चौकटीत बसेना. खांद्याने रेटलं. पुन्हा रेटलं. शेवटी बसलं. कडी घालायला गेलो तर कडी गंजलेली. ती ठोकून ठोकून लावली. मग येऊन खुर्चीत बसलो. मला धाप लागली होती.

मुलगी सगळं बघत होती.

मी वाचलं. "परीक्षेच्या वेळी माझ्या घरात माझ्याशिवाय कोणीही नव्हतं. मी कोणाशीही बोलत नव्हतो."

मग ती अगदी अवघडून म्हणाली, "काका, आवाज नाही आला हो. फार हळू बोलले तुम्ही. रेकॉर्डवर नीट यायला पाहिजे. जरा मोठ्यानं म्हणता का?"

मी बंद दाराकडे पाहिलं. फळीचं दार. त्यातून काय अडणार? आठ महिन्यांत जे मी हर्षदाला बोललो नव्हतो, दिवसांना आलेल्या माणसांना बोललो नव्हतो, स्वतःशीही बोललो नव्हतो, ते मी त्या दुपारी माझ्याच घरात, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो. घरात कोणीही नव्हतं. मी कोणाशीही बोलत नव्हतो. दोन्ही वाक्यं, पूर्णविरामासकट.

"झालं काका," मुलगी म्हणाली. तिने कुठलं तरी बटण दाबलं. "सर्टिफिकेट संध्याकाळपर्यंत येईल." कॉल बंद करायच्या ऐवजी ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "रेकॉर्डिंग बंद केलं आहे मी. आता दार उघडून घ्या ना."

मी तिला नमस्कार केला. तिनेही हात जोडले आणि स्क्रीन काळी झाली.

दार मी लगेच उघडलं नाही. खरं सांगायचं तर हिंमत होईना. दिवाणावर बसून राहिलो. सर्टिफिकेट आलं. त्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत होतं. ते बोरस्तेला पाठवलं. "वा खैरनार! सोमवारपासून या," तो म्हणाला. हर्षदाला फोन केला. ती रडली आणि म्हणाली की, त्या लोकांना मी दुसरं घर बघायला सांगते. त्या गोदामात मी पुढे रिटायर होईपर्यंत काम केलं. आजही याच घरात राहतो.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी उठलो. कडी काढली, दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं, पाटा पुन्हा जागेवर लावला. आत सगळं जसंच्या तसं होतं. मी उंबऱ्यावर उभा राहिलो.

"अगं," मी म्हणालो, "ते आपलं कागदोपत्री होतं. म्हणावंच लागतं तसं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी थांबलो.

रंजना रुसली की एक शब्द बोलायची नाही. भांडी मात्र आपटायची, मग थोड्या वेळाने काही न बोलता चहा आणून ठेवायची आणि त्यावरून कळायचं की राग गेला. मला तिची ती रीत ठाऊक होती. म्हणून मी थांबलो. उंबऱ्यावरच बसलो. नळाचं थेंब थेंब पाणी गळत होतं, ते ऐकत राहिलो. बाहेर दूधवाला येऊन गेला, शेजारच्यांचा टीव्ही लागला, घरात अंधार झाला.

मग मीच उठलो. दिवा लावला. गॅसवर पातेलं ठेवलं आणि चहाचं पाणी कपाने मोजून घातलं. एकच कप.